आठवीची जागा

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा लवू राऊळ सगळ्यांना सांगत होता, गणपतीपर्यंत मिटेल. कुठल्या सालच्या गणपतीपर्यंत, ते त्याने सांगितलं नव्हतं. ते गणपती येऊन गेले, दिवाळी तोंडावर आली, आणि लवू अजून भांडुपच्या टेकडीवरल्या आपल्या खोलीच्या दारात बसून होता. मधल्या काळात काही लोक कामावर परत गेले, काहींना गेटवरूनच हाकललं. लवू साचेखात्यातला जुना विणकर. तो हाकललेल्यांत निघाला.

आता तो खाली कारखान्यांच्या रस्त्यावर एका ठेकेदाराकडे माल चढवायचं काम करी, तेही ठेकेदार बोलावील त्या दिवशी. बोलावलं नाही तर घरी बसून बायकोच्या खानावळीची भांडी घाशी. मात्र मोरीचा पडदा ओढून घेऊन घाशी. टेकडीवर सगळे गाववाले. पुरुषमाणूस भांडी घासताना कुणी पाहिलं असतं तर गावापर्यंत बातमी गेली असती. तसं पडद्याआड कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी तसं दाखवत नसे. एवढी माणुसकी टेकडीवर होती.

घर चालत होतं ते जानकीच्या हातावर. सकाळी डबे, संध्याकाळी पंगती. बायकामुलं गावी ठेवून एकटे राहणारे कारखान्यातले लोक तिच्याकडे जेवत. तांदळाच्या भाकऱ्या, आमटी, रविवारी सुकटीचं कालवण. एवढ्या भाकऱ्या थापून तिचं उजवं मनगट सुजलं होतं. रात्री ती त्यावर शेकवलेली विटेची खापरी फडक्यात बांधून धरी आणि सकाळी पुन्हा परातीसमोर बसे. दुखतं का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, दुखण्याक येळ खय हा.

तिची मुलगी प्रेमा तेरा वर्षांची, म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवीत होती. पीठ मळायचं, पाणी भरायचं आणि पंगतीला वाढायचं हे तिचं काम. आणि ते करून ती वर्गात पहिली येत होती. का येते, कशी येते, ते घरात कोणाला कळत नव्हतं. लवूला त्याचा अभिमान होता आणि थोडी भीतीही होती, कारण शाळा सातवीपर्यंतच होती. पुढचं हायस्कूल रुळांच्या पलीकडे, खासगी. तिथली फी हा राऊळांच्या घरात बोलायचा विषयच नव्हता.

दिवाळीनंतर प्रेमाच्या वर्गशिक्षिका वसुधाबाई टेकडी चढून घरी आल्या. बाई मुलुंडच्या. त्यांच्या घरात दोन पिढ्या सगळे नोकरीवाले. एवढी चढण चढायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे आल्या-आल्या त्या उंबऱ्यावरच बसल्या. दम खाऊन झाल्यावर त्यांनी लवूला समजावून सांगितलं. सातवीची सरकारी स्कॉलरशिपची परीक्षा असते. सगळ्या राज्याला एकच पेपर. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. त्यात मार्क पडले तर दहावीपर्यंत सरकार पैसे देतं, आणि रुळांपलीकडच्या हायस्कूलचे हेडमास्तर स्कॉलरशिपवाल्या मुलीला फी माफ करतात. फक्त मुलीला रोज शाळा सुटल्यावर तासभर माझ्याकडे थांबू द्या.

तासभर म्हणजे संध्याकाळच्या पिठाची वेळ. लवूने जानकीकडे पाहिलं. जानकीने आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाली, थांबू दे.

बाई गेल्यावर लवूने प्रेमाला समोर बसवलं.

"आयक. स्कॉलरशिप गावली तर आठवी. नाय गावली तर आवशीबरोबर चूल. ह्यो माझो शब्द."

प्रेमाने मान हलवली. तिच्या दृष्टीने हा सौदा चांगलाच होता. आजवर टेकडीवरल्या कुठल्या मुलीला 'मिळाली तर आठवी' एवढंही कोणी म्हटलं नव्हतं.

त्या थंडीत खानावळीचा रंग बदलला. प्रेमा वाढता-वाढता बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न पाठ म्हणायची आणि पंगतीला बसलेले बाप्ये घास हातात धरून उत्तरं शोधायचे. रांगेत डावीकडून सातवा आणि उजवीकडून नववा एकच मुलगा, तर रांगेत मुलं किती? बाळा नावाचा एक जण, लेथवर काम करणारा, सगळ्यांत हुशार समजला जाई. तो म्हणाला, सोळा. प्रेमा म्हणाली, पंधरा, तो मुलगा तुम्ही दोनदा मोजलात. मग पंगतीत जी चेष्टा सुरू झाली ती आमटी निवेपर्यंत थांबली नाही. बाळाला महिनाभर सगळे 'दोनदा मोजलेला' म्हणत होते. त्यालाही त्याचं वाईट वाटत नव्हतं. जिथे संपाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं, तिथे पोरीची परीक्षा हे सगळ्यांचंच काम होऊन बसलं.

फेब्रुवारीत एका रविवारी मुलुंडला परीक्षा झाली. जानकीने त्या दिवशी मुलीला पिठाला हात लावू दिला नाही. प्रेमा परत आली तेव्हा सगळे विचारत होते, कसे गेले पेपर, आणि ती सगळ्यांना एकच सांगत होती, वेळ पुरला. त्यापलीकडे तिने काही सांगितलं नाही. मग मार्च-एप्रिल गेले, उन्हाळ्यात टेकडीवरचा नळ आटला, पावसाळा सुरू झाला, शाळा उघडल्या. सातवी पास झालेल्या बाकीच्या मुली आपापल्या वाटेला लागल्या. कोणी कागदावर टिकल्या चिकटवायच्या कामाला, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळायला. प्रेमा निकालाची वाट बघत पीठ मळत होती.

जूनच्या शेवटी वसुधाबाई पुन्हा टेकडी चढून आल्या. या वेळी त्या उंबऱ्यावर बसल्या नाहीत. छत्री न मिटताच आत शिरल्या आणि प्रेमाचे दोन्ही पिठाचे हात धरून म्हणाल्या, "मिळाली गं." ती नुसती पास नव्हती झाली, तिचं नाव गुणवत्ता यादीत होतं.

जानकी तिथेच खाली बसली. लवू बाहेर गेला आणि पावसात उभा राहिला. तो रडत होता हे लोकांना कळू नये म्हणून असेल. संध्याकाळी बाळाने स्वतःहून जिलबी आणली आणि पंगतीतल्या प्रत्येकाने प्रेमाच्या डोक्यावर हात ठेवला. दीड वर्षात त्या खोलीत कोणाचं काही चांगलं झालं नव्हतं. आता झालं होतं, आणि ते सगळ्यांचंच होतं.

बाईंनी पुढचं सगळं नीट सांगून ठेवलं होतं. हायस्कूलचे हेडमास्तर श्यामकांत सर यांनी एक जागा राखून ठेवली आहे. वर्ग सुरू होऊन पंधरवडा झाला, त्यामुळे ते फार थांबू शकणार नाहीत. मुलांची नावं वर पाठवायची असतात. पुढच्या शनिवारपर्यंत पालकाने येऊन सही करायची, एवढंच काम. यंदा आठवीत नाव लागलं नाही तर स्कॉलरशिप यादीतल्या खालच्या मुलाला जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवूने दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि चपला पुसल्या. प्रेमा दोन वेण्या घालून दारात तयार उभी होती. तेवढ्यात चुलीपासून जानकी म्हणाली,

"देवाक इचारल्यात?"

लवू थांबला. "हेच्यात देवाक काय इचारूचा?"

"संपाच्या येळी पण असाच म्हणाल्यात."

झालं. तिथेच सगळं अडलं.

राऊळांच्या गावच्या देवळात कौल लावायची पद्धत. देवाच्या पाषाणाच्या अंगावर गुरव फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजव्या अंगाची पाकळी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. लग्न, घर, विहीर, आजारपण, कोर्टकचेरी, त्या गावात देवाला विचारल्याशिवाय काही होत नसे. संपाच्या आधी जत्रेला गेले होते तेव्हा जानकीने हट्टाने कौल लावायला लावला होता. संपात उतरू का? डावा पडला. लवू हसला होता. म्हणाला होता, देवाला युनियनमधलं काय कळतं. आणि तो संपात उतरला. सगळेच उतरले, तो एकटा काय मागे राहणार होता. पण तेव्हापासून दीड वर्ष जानकीने त्याला ते विसरू दिलं नव्हतं. पडद्याआड भांडी घासताना तर नाहीच नाही. ती मोठ्याने बोलायची नाही. नुसतं म्हणायची, देवान सांगितल्यान होता.

बायकोचा टोमणा ऐकून घेता येतो. पण लवूलाही आतून तसंच वाटू लागलं होतं. डाव्याला मान दिला असता तर आज साच्यावर उभा असतो. आता पोरीच्या बाबतीत पुन्हा तीच चूक करायची, आणि उद्या तिला काही झालं, रूळ ओलांडताना, रस्त्यात, कुठेही, तर? त्याने सदरा काढून खुंटीला लावला. शनिवारला अजून आठवडा होता. जाऊन येऊन तीन दिवस. तो त्याच संध्याकाळी एस्टीने गावाला गेला.

प्रेमाने वेण्या सोडल्या नाहीत. तशीच पाणी भरायला गेली.

तीन दिवस झाले, चार झाले, लवू आला नाही. कोकणात पाऊस फार आहे, असं गाववाले म्हणत होते. बुधवारी गावाहून आलेल्या एकाने निरोप आणला. गुरवाच्या घरात बाळंतपण झालंय, सुवेर आहे, ते फिटल्याशिवाय तो देवाला शिवायचा नाही. लवू थांबलाय. कौल घेऊनच येईन म्हणालाय.

गुरुवारी वसुधाबाई आल्या. त्यांना वाटलं होतं सही कधीच झाली असेल. सगळं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या चिडल्या होत्या, पण परक्या घरात चिडायची त्यांना सवय नसावी. शेवटी म्हणाल्या, तार करूया.

जानकी तारेला तयार होईना. तिने बाईंना समजावलं की गावात तार जाते ती माणूस मेल्याचीच. पोस्टमन दारात दिसला की कागद वाचायच्या आधी रडापीट सुरू होते. घरात ऐंशीची सासू आहे, ती तार बघूनच जायची. बाई म्हणाल्या, अहो, आनंदाची तारही असते. जानकी म्हणाली, तुमच्याकडे असात.

"जानकीबाई, तुम्ही सही केली तरी चालेल," बाई म्हणाल्या. "आई पालकच असते. मी सरांशी बोलले आहे."

"ह्येंका येऊ दे बाई. आज-उद्या येतले."

"आणि नाही आले तर?"

 जानकीने बाईंपुढे चहाचा कप ठेवला आणि त्या तो पिऊन उठल्या. जाताना त्यांनी प्रेमाला जवळ घेतलं. प्रेमा त्यांच्याकडे न बघता आईकडे बघत होती.

शुक्रवारी लवू आला नाही.

शनिवारी डबे गेल्यावर जानकीने परात बाजूला सारली. पेटीतलं लग्नातलं हिरवं पातळ काढून नेसली आणि प्रेमाला म्हणाली, चल. प्रेमाने काही विचारलं नाही. तिला भीती वाटत होती की विचारलं तर आई पुन्हा बसेल. टेकडीवरून चिखल खाली वाहत होता. दोघी चपला हातात घेऊन उतरल्या, खाली रस्त्याच्या नळावर पाय धुतले आणि पूल ओलांडून पलीकडे गेल्या.

शाळेच्या ऑफिसात श्यामकांत सर बसले होते. उंच, पांढऱ्या केसांचे, आवाज मऊ. त्यांनी प्रेमाचं नाव ऐकताच खुर्चीतून अर्धवट उठून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, या, या, तुमचीच वाट बघत होतो. जानकीला खुर्ची दिली. ती बसली नाही. ओल्या पातळाने खुर्ची भिजेल म्हणाली. कारकुनाने कागद पुढे सरकवला. सरांनी स्वतःचं पेन उघडून तिच्या हातात दिलं आणि जागा दाखवली.

जानकीला सही येत होती. रेशनकार्डासाठी प्रेमानेच शिकवली होती. तिने पेन धरलं. मनगट सुजलेलं, त्यामुळे तिने ते डाव्या हाताने खालून आधार देऊन धरलं. प्रेमा शेजारी उभी राहून कागदाकडे बघत होती. कागदावर तिचं नाव आधीच लिहिलेलं होतं, त्यापुढे आठवी, आणि तुकडी अ.

आणि जानकीच्या डोळ्यांपुढे डावा कौल आला. त्या वेळी ती देवळात समोरच बसली होती. पाकळी सुटली ते तिने पाहिलं होतं. नवऱ्याने ऐकलं नाही म्हणून दीड वर्ष ज्या बाईने त्याला सुखाचा घास खाऊ दिला नाही, तीच आता देवाच्या आधी सही करायला निघाली होती. तो तिथे देवापुढे हात जोडून बसलेला, आणि ती इथे. डावा पडला तर? डावा पडला आणि सही झालेली असली तर पोरीचं काय होईल, हा विचार एकदा आला आणि मग तिचा हात हलेना.

तिने पेन टेबलावर ठेवलं.

"सायेब, घरधनी गावाक गेलेसत. सोमवारी येतले. तवर जागा ठेवशात काय?"

सर म्हणाले, नाही हो, आज नावं पाठवायची. यादीत दोघी थांबल्या आहेत. तुम्ही सही करा, ते आल्यावर येऊन भेटतील. जानकी नुसती मान हलवत होती. सरांना हे काय चाललंय ते कळेना. त्यांनी सांगितलं, शाळा सुटेपर्यंत थांबतो. बाहेर बसा, विचार करा.

दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. शनिवारची अर्धी शाळा. समोरच्याच वर्गात आठवीचा तास चालला होता. मुली मोठ्याने काही म्हणत होत्या. प्रेमाचे ओठ त्यांच्याबरोबर हलू लागले, मग थांबले. मधून-मधून ती आईकडे बघत होती. जानकी फाटकाकडे बघत होती, जणू लवू एस्टी स्टँडवरून थेट तिथेच येणार होता. घंटा झाली. मुली त्यांच्या अंगावरून धक्के मारत, हसत बाहेर गेल्या. शिपाई व्हरांडा झाडत-झाडत बाकापर्यंत आला आणि पाय वर घ्या म्हणाला. त्यांनी पाय वर घेतले. तो झाडून गेला. ऑफिसाच्या दारातून सरांनी एकदा बाहेर पाहिलं. जानकी उठली नाही.

मग दाराला कुलूप लागलं.

परत येताना पुलावर प्रेमाने विचारलं, "आई, सही का नाही केलीस?"

"देवान डावो दिल्यान तर?"

"मग मला विचार ना. मी किती अभ्यास केला ते देवाला काय माहीत?"

जानकीने तिच्या तोंडात मारली. भर पुलावर, माणसांत. मारलं ते सुजलेल्याच हाताने, त्यामुळे कळ तिच्या खांद्यापर्यंत गेली आणि ती कठडा धरून उभी राहिली. प्रेमा रडली नाही. तिने छत्री आईच्या डोक्यावर धरली. उरलेला रस्ता दोघी एका छत्रीखालून चालल्या आणि टेकडीच्या पायथ्याशी आल्यावर पुन्हा चपला हातात घेतल्या.

सोमवारी संध्याकाळी वसुधाबाई आल्या. वर चढल्याच नाहीत, खालूनच प्रेमाला बोलावून घेतलं. जागा दिली गं, म्हणाल्या. त्या सकाळपासून आणखी दोन शाळांत जाऊन आल्या होत्या. एका ठिकाणी वर्ग भरला होता, दुसरीकडे देणगी मागत होते.  त्यांनी पर्समधून रुमाल काढला तो प्रेमाच्या हातात दिला आणि स्वतः पदराने डोळे पुसले. प्रेमाला त्या रुमालाचं काय करायचं ते कळेना. तिने तो घडी करून परत दिला.

मंगळवारी दुपारी लवू आला. टेकडी चढतानाच त्याचा आवाज ऐकू येत होता. वाटेत भेटेल त्याला तो सांगत येत होता. कपाळाला अंगारा, हातात प्रसादाच्या नारळाची कवड, अंगावरचे कपडे चिंब. दारात येऊन त्याने चपलाही काढल्या नाहीत.

"उजवो दिल्यान," तो म्हणाला. "देवान उजवो दिल्यान. चेडवाक शिकव म्हणता."

 आत जानकी चुलीकडे तोंड करून बसली होती. शेवटी प्रेमानेच सांगितलं, "बाबा, शनिवारी जागा गेली."

लवूला ते पटकन कळलं नाही. देवाने हो म्हटल्यावर जागा जाईल कशी? तो तसाच, ओल्या कपड्यांनी, कवड हातात घेऊन टेकडी उतरला.

शाळेत सरांनी त्याला बसवलं, पंखा बंद केला, कारण तो कुडकुडत होता. लवूने सगळं पहिल्यापासून सांगितलं. संप, डावा कौल, गुरवाचं सुवेर, पाऊस. मधेच तो म्हणाला, साहेब, मी खेळायला नव्हतो गेलो, पोरीसाठीच गेलो होतो. कारकून तोंडावर हात धरून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी नारळाचा तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि टेबलावर कागदावर ठेवला.

"राऊळ, तुमच्या बाईंनी सही केली असती तरी पुरे होतं," ते म्हणाले. "मी पेन हातात दिलं होतं त्यांच्या."

लवूला ही गोष्ट घरी कोणी सांगितली नव्हती.  मग त्याने विचारलं, पुढच्या वर्षी? सरांनी सांगितलं की पुढच्या वर्षी फी भरून येता येईल, स्कॉलरशिप मात्र नाही. लवू उठला, नमस्कार केला. व्हरांड्यातून जाताना नवीन कोऱ्या गणवेशातली एक मुलगी दप्तर सावरत समोरून आली. प्रेमाची जागा मिळालेली हीच ती असणार, असं त्याला वाटलं. तिने त्याला वाट दिली. त्याला तिचा राग आला नाही. पोर बिचारी गोड होती.

तो घरी आला तेव्हा संध्याकाळची पहिली पंगत बसायची वेळ झाली होती. बाळा आणि बाकीचे ताटं पुढे घेऊन भिंतीला टेकून बसले होते. टेकडीवर बातमी केव्हाच पसरली होती, त्यामुळे कोणी लवूकडे बघत नव्हतं. तो आत गेला, कोपऱ्यात बसला. जानकी भाकरी थापत होती. तो आता पेनाचं विचारील असं तिला वाटत होतं. पण त्याने विचारलं नाही. खरं म्हणजे विचारायला त्याच्याकडे तोंड नव्हतं, आणि तिच्याकडे सांगायला.

बऱ्याच वेळाने तिनेच विचारलं, "कौल कधी पडलो?"

 ती हात थांबवून त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा लवूने मान खाली घातली.

"शनवारी. सकाळची पूजा झाल्यार. गाऱ्हाणा पुरा होवच्या आदीच पयली पाकळी पडली. उजवी." मग जरा थांबून म्हणाला, "घाटात दरड पडलेली. दोन दिस गाडी नाय होती."

शनिवारी सकाळी. म्हणजे ती हिरवं पातळ नेसून टेकडी उतरत होती तेव्हा देवाने हो म्हणून झालं होतं. तिने पेन हातात धरलं तेव्हा झालं होतं. ती बाकावर बसून फाटकाकडे बघत होती तेव्हा, आणि पुलावर पोरीच्या तोंडात मारली तेव्हा तर झालंच होतं. जानकीचे दोन्ही हात परातीत होते ते तसेच राहिले.  तोंडातून नुसता एक आवाज निघाला, गुरं आजारी पडल्यावर काढतात तसा, आणि तो बाहेर पंगतीपर्यंत ऐकू गेला. तवा तापून धुरू लागला. लवू उठून तिच्याजवळ गेला, पण तिला हात लावायचा की नाही ते त्याला ठरवता येईना.

प्रेमा पाण्याचे तांबे भरत होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"आई, ऊठ," ती म्हणाली. "मी थापते."

जानकी उठेना. प्रेमाने तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं, भिंतीशी बसवलं आणि पाटावर स्वतः बसली. गोळा मोडला, परातीत पीठ पसरलं आणि थापायला सुरुवात केली. पहिली भाकरी कडेला फाटली. ती तिने मोडून पुन्हा मळली. दुसरी नीट झाली. बाहेर कोणी भाकरी मागितली नाही, पण दिवसभर कारखान्यात राबून आलेली माणसं होती, त्यांना भूक लागली असणारच. तिने ती तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा घेतला.